मागची शिवण

लेकीच्या गावाहून परत येताना मास्तर सारी वाट बसच्या खिडकीला नाक लावून बसले होते. दुकानांच्या पाट्या, पोरांच्या शर्टांचे रंग, तारेवर बसलेले कावळे, जे दिसेल ते मोठ्यानं वाचून दाखवत होते. शेजारी बसलेली बायको शेवटी कंटाळून म्हणाली, "अहो, मलाही दिसतंय." मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू निघाले होते. आधी एक, मग काही आठवड्यांनी दुसरा. वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावल्यामुळं मुक्काम लांबत गेला होता. आता घरी जाऊन त्यांना एकच गोष्ट बघायची होती, ती म्हणजे आपले टोमॅटो.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. डोळे गढूळ होत गेले तशी त्यांची शिलाई सुटत गेली. आधी सुईत दोरा ओवता येईना, तो बायको ओवून द्यायची. मग टीप वाकडी जाऊ लागली. मग एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टाला पिवळा दोरा लागला आणि मास्तरांनी मशीनवर चादर टाकून दिली. त्यानंतर त्यांनी घरामागच्या चिंचोळ्या पट्टीत रंगाच्या रिकाम्या डब्यांमध्ये टोमॅटो लावले. ती झाडं त्यांनी नुसत्या बोटांनी वाढवली. बगलेत येणारे फुटवे चाचपून खुडले, फळ पिकलंय की नाही ते हुंगून ओळखलं. पूर्वी कपडे घेऊन येणारी माणसं आता टोमॅटो मागायला येऊ लागली आणि "मास्तर, तुमच्या हाताला गुण आहे" हे वाक्य त्यांच्या कानावर पुन्हा पडू लागलं. फक्त त्या फळांचा लाल रंग त्यांनी कधी धड पाहिला नव्हता.

घरी पोचल्यावर बॅगाही न ठेवता त्यांनी मागचं दार उघडलं.

झाडं माना टाकून काठ्यांना लोंबत होती. खालची पानं तपकिरी होऊन कुरकुरीत झालेली, वरची मुठी आवळल्यासारखी गुंडाळलेली. जी काही फळं धरली होती ती बोराएवढी राहून बुडाशी काळी पडली होती. मास्तर दारातच उभे राहिले. नव्या डोळ्यांना पहिल्यांदा दिसलं ते हे. लेकीच्या गावी डॉक्टरांनी पट्टी सोडली तेव्हा ते रडले नव्हते, इथं मात्र त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि बायको ओरडली, "डोळे चोळू नका!"

झाडांची जबाबदारी त्यांच्या साडूवर होती. दोघी बहिणी, दोन घरं, मधे कमरेएवढी भिंत. थोरलीचा नवरा शिंपी आणि धाकटीचा नवरा शहराच्या पाणीपुरवठा खात्यातला मोठा साहेब. त्याला घरीदारी सगळे साहेबच म्हणत, आणि तोही ऐकून घेत असे. त्याच्या सहीशिवाय शहरात पाण्याचा थेंब हलत नव्हता. निघताना मास्तरांनी त्याला भिंतीवरचा नळ दाखवून सांगितलं होतं, "दिवसाआड एक एक तांब्या. बाकी काही नको." साहेबानं छातीवर हात ठेवून म्हटलं होतं, "साडूभाऊ, अख्ख्या शहराची तहान भागवतो मी. तुमच्या चार झाडांचं काय घेऊन बसलात!"

आवाज ऐकून साहेब भिंतीपाशी आला. अंगात बनियन, हातात चहाचा कप, पोट भिंतीवर टेकवलेलं.

"आलात? झाले ना डोळे छान? झाडांचं जरा असं झालं बघा. ऊन फार होतं हो यंदा."

"पाणी घातलंत?"

"म्हणजे काय! रोज. कालच पाइप लावून चांगली भिजवून काढली. माती बघा ना, अजून ओली आहे."

माती खरंच काळी, ओली दिसत होती. मास्तर आत गेले आणि दाभण घेऊन आले. गादीला टाके घालायची ती जाड, लांब सुई त्यांनी डब्यातल्या मातीत मुठीपर्यंत खुपसली आणि हळूच वर ओढली. बोटभर चिखल आणि त्याखाली कोरडी धूळ. तहानून तहानून मातीचा गोळा डब्याच्या कडेपासून सुटला होता. काल ओतलेलं सगळं पाणी त्या फटीतून खाली जाऊन बुडाच्या भोकांतून निघून गेलं होतं आणि मुळांना ओठही ओले करता आले नव्हते. आपण येतोय असा बायकोनं काल सकाळी बहिणीला फोन केला होता, तेवढ्यावरून साहेबाला झाडांची आठवण झाली होती. त्याआधी कितीतरी दिवस त्यानं तिकडं ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ते एवढंच म्हणाले, "बरं."

"भरपूर खत घाला आता," साहेब चहाचा घोट घेत म्हणाला. "दोन दिवसांत टरारून येतील."

जळत्या मुळांवर खत! मास्तर दाभण पुसत आत गेले.

"जाऊ द्या हो," रात्रीच्या जेवणाला बसल्यावर बायको म्हणाली. "विसरला असेल. माझ्या बहिणीचं घर आहे ते, तोंड सोडू नका."

"तोंड कशाला सोडू?" मास्तर म्हणाले. तोंडानं घेतलेला सूड दोन दिवसांत विसरला जातो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना असं काही हवं होतं की साहेबाच्या ते जन्मभर लक्षात राहील.

दुसऱ्या दिवशी त्यांनी झाडांच्या खोडावर नखानं ओरखडा काढून पाहिला. सालीखाली हिरवं दिसलं की जीव आहे. एक झाड आतपर्यंत वाळलं होतं, बाकीच्यांत धुगधुगी होती. मास्तरांनी आणि बायकोनं मिळून डबे भिंतीच्या सावलीला ओढले आणि वर जुन्या अस्तराचं कापड ताणून बांधलं. जे डबे उचलण्याजोगे होते ते पाण्यानं भरलेल्या घमेल्यात बसवले, म्हणजे माती खालून सावकाश पाणी ओढील. मोठ्या डब्यांना दाभणानं भोकं पाडून कपाकपानं पाणी दिलं, थांबले, पुन्हा दिलं. तहानलेल्याला एकदम पाणी पाजायचं नसतं. पूर्ण मेलेली पानं कात्रीनं कापली आणि मग मास्तरांनी उरलीसुरली फळं, कळ्या, सगळं खुडून टाकलं.

"अहो, ही दोन तरी ठेवा," बायको कळवळली.

"फळं जगवत बसलं तर झाड मरेल."

दुकानातली सुती कातरणं पोत्यात भरून पडली होती. ती त्यांनी मातीवर पसरली, ओल टिकावी म्हणून. हे सगळं करताना त्यांचे हात हळुवार होते आणि मनात एकेक विचार असा येत होता की त्यांचं त्यांनाच नवल वाटावं. साहेबाच्या टाकीचा कॉक फिरवावा का? बुटात चिखल भरावा का? सगळेच पोरकट. मास्तर दातओठ खात पाणी घालत राहिले.

आणि मग सूड आपल्या पायांनी चालत घरात आला.

साहेब निवृत्त होणार होता. खात्यानं मोठा हॉल घेऊन निरोपाचा कार्यक्रम ठरवला होता. एका संध्याकाळी काखेत सुटाचं कापड मारून तो आला आणि खुर्चीत ऐसपैस बसला.

"साडूभाऊ, डोळे बरे झालेत तर माझा सूट तुम्हीच शिवायचा. बाहेर कशाला देऊ? घरात मास्तर असताना!"

त्याच्यामागून बँडवालाही आला होता. चौकात त्याचं वाजंत्र्यांचं दुकान, पोरपण सगळं मास्तरांच्या हातचे शर्ट घालून गेलेलं. त्याला आपल्या साऱ्या पथकाचे कोट नवे करायचे होते. तो घुटमळत म्हणाला, "मास्तर, साहेबांचा सूट बघतो आणि काम तुम्हालाच देतो. वाईट वाटून घेऊ नका, पण आधी बघतो." एवढे कोट म्हणजे मशीनवरची चादर निघणार, दुकानाची फळी उघडणार. हाच सूट त्यांना पुन्हा शिंपी करणार होता.

बायकोनं सुईत दोरा ओवायला हात पुढं केला, तर मास्तरांनी सुई तिच्या हातातून काढून घेतली आणि पहिल्याच फटक्यात स्वतः ओवली. कोट त्यांनी असा शिवला की त्यांनाच पुन्हा पुन्हा हात फिरवावासा वाटे. कॉलर मानेला चिकटून बसली, खिशाच्या झाकणांना सुरकुती नाही, बटणांच्या काजांचे टाके इतके बारीक की मोजायला डोळेच हवेत. बँडवाल्यानं बघायचं ते कोटात बघावं.

पँटच्या वेळी मात्र हात थांबला. साहेबाचं पोट आणि बूड दोन्ही भरभक्कम. पँटची मागची शिवण, जिच्यावर बसताना सगळा ताण येतो, तिला मास्तर नेहमी दोनदा टीप मारत आणि कडेनं तिसरी. तिथं त्यांनी कच्चा टाकाच ठेवला. मापापुरतं कापड धरून ठेवायला मारतात आणि पक्की शिलाई झाली की ओढून काढतात, तो सैल, लांब, फुसका टाका. वरून कडक इस्त्री फिरवली. बाहेरून कुणाला शंका येणं शक्य नव्हतं. उभं राहा, चाला, ताठ खुर्चीवर टेका, काही होणार नाही. पण हॉलच्या स्टेजवर ते बुटके, खोल सोफे असतात हे मास्तरांना माहीत होतं. त्यात बसताना गुडघे वर आले की संपलं. आणि ढेरपोट्या माणसाची पँट उसवली की लोक पोटाला हसतात, शिंप्याला कुणी विचारत नाही. मास्तरांनी आयुष्यात कधी कच्चं काम हाताबाहेर जाऊ दिलं नव्हतं. दोरा तोडताना त्यांना लाज वाटली, आणि त्याहून जास्त मजा वाटली, हे खरंच आहे.

इकडं झाडं सावरत होती. आधी माना वर आल्या, तेही फक्त सकाळी. मग दुपारीही ताठ राहू लागल्या. मग एका झाडाच्या बगलेत हिरवा ठिपका दिसला. पूर्वी मास्तरांनी असे फुटवे बोटांनी चाचपून मोडले होते, पण या वेळी तो डोळ्यांनी पाहिला आणि मोडला नाही. त्यातूनच नवी फांदी धरायची होती. हळूहळू अस्तराचं कापड सोडलं, डबे उन्हात सरकवले. आणि कार्यक्रमाच्या आदल्या सकाळी पिवळी फुलं आली.

मास्तर ती फुलं बघत बराच वेळ उभे राहिले. राग शोधावा लागावा इतका तो खाली बसला होता. झाडं जगली होती. साडू झाला तरी घरचाच माणूस, उद्या त्याचा मोठा दिवस, आणि धाकटी मेहुणी पहिल्या रांगेत बसणार. ते आत आले, पँट टेबलावर पसरली, पक्का दोरा मशीनला लावला. पायडलवर पाय ठेवला एवढ्यात खिडकीतून आवाज आला. साहेब भिंतीपाशी उभा राहून खात्यातल्या दोघांना बाग दाखवत होता.

"ही सगळी मेली होती बरं का! आमचे साडू येण्याच्या आदल्या दिवशी मी पाइपनं अशी भिजवली, म्हणून वाचली. शेवटी पाण्यातलं कळतं हो आपल्याला. ते बिचारे चिंध्या पसरत बसले होते मातीवर!"

तिघंही खो खो हसले.

मास्तरांनी पायडलवरचा पाय काढला. दोरा गुंडाळला. पँटची घडी घातली, कोटाबरोबर कागदात बांधली आणि स्वतः नेऊन मेहुणीच्या हातात दिली.

"भाऊजी, तुम्ही कशाला त्रास घेतलात!" ती म्हणाली. "आज किती खूश आहेत हे!"

"असू दे," मास्तर म्हणाले. "उद्या बघू."

हॉल भरला होता. साहेब कोट घालून आला तेव्हा बँडवाला मास्तरांच्या शेजारी येऊन बसला आणि कुजबुजला, "मास्तर, मानलं. कोट म्हणजे कोट आहे. उद्या सकाळी मापं घ्यायला पोरांना आणतो." मास्तरांनी त्याचा हात दाबला. आता दोन्ही गोष्टी होणार होत्या, काम मिळणार होतं आणि सूडही.

भाषणं सुरू झाली. एकानं साहेबाच्या नम्रपणाचं कौतुक केलं. दुसरा गहिवरून म्हणाला, "या माणसानं आपल्या कारकिर्दीत कुणाला तहानेनं तडफडू दिलं नाही." टाळ्या झाल्या. मास्तरांनी हात मांडीखाली दाबून धरले. मग साहेबाला मोठा गुच्छ दिला, तो सांभाळत साहेब मागं सरकला आणि सोफ्यात बसला.

आवाज पुढच्या रांगांना नीट ऐकू आला. गुच्छ खाली पडला. साहेब ताडकन उठला, गुच्छ उचलायला वाकला आणि मग तर मागच्या रांगांनाही सगळं दिसलं. हॉल हसून हसून लोळायच्या बेतात आला. साहेबाचं तोंड टोमॅटोसारखं लालबुंद झालं, आणि मास्तरांना वाटलं, हा लाल रंग बघायलाच आपले डोळे परत आले. त्यांच्या सगळ्या अंगाला गारवा वाटला.

तो फार वेळ टिकला नाही. मागून एका बाईचा आवाज आला, "अगं, सूट मास्तरांनी शिवलाय. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय ना आत्ताच." "अरेरे. म्हणजे अजून दिसत नाही त्यांना." "या वयात हौस कशाला करायची?" हसणं ओसरलं आणि माना मास्तरांकडं वळू लागल्या. पोटाला हसतील असा त्यांचा हिशेब होता. आपल्या डोळ्यांची गोष्ट अख्ख्या गावाला ठाऊक आहे, हे ते साफ विसरले होते.

साहेबानं कोट काढून कमरेला गुंडाळला आणि माइक हातात घेतला. तो हसतच बोलला.

"हसू नका मंडळी. हा सूट माझ्या थोरल्या साडूंनी शिवलाय. त्यांना अजून नीट दिसत नाही, तरी माझ्यासाठी शिवला. एखादी शिवण राहिली असेल. प्रेम बघा त्यातलं. त्यांच्यासाठी टाळ्या होऊ द्या."

टाळ्या झाल्या. सावकाश, लहान मुलाला शाबासकी द्यावी तशा. बँडवाला टाळ्या वाजवत नव्हता. तो मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "असू द्या मास्तर. होतं असं."

ती कीव मास्तरांना सहन झाली नाही. गप्प राहिले असते तर सगळं निभावलं असतं, पण त्यांच्या हाताला आजवर कुणी आंधळं म्हटलं नव्हतं. ते उभे राहिले.

"मला दिसतं!" ते ओरडले. "सगळं दिसतं! त्या कोटाचे काज बघा, आंधळ्यानं केलेत का? ती शिवण मी मुद्दाम कच्ची ठेवली. या दोन डोळ्यांनी बघून, सुई स्वतः ओवून ठेवली!"

बायकोनं त्यांचा सदरा ओढला, "अहो, बसा खाली." त्यांनी तिचा हात झटकला.

"ह्यानं माझी झाडं पाण्यावाचून वाळवली. वाळवली ती वाळवली, वर मी वाचवली म्हणून गावभर सांगत सुटला. म्हणून ठेवली कच्ची!"

कुणीही हसलं नाही. पुढच्या रांगेत बसलेल्या मेहुणीनं डोळ्यांना पदर लावला. साहेबानं माइक खाली ठेवला. मास्तरांनी आजूबाजूला पाहिलं. माणसं त्यांच्याकडं बघत होती आणि नजर मिळाली की मान फिरवत होती. आता कुणालाही त्यांची कीव येत नव्हती.

बँडवाल्यानं खांद्यावरचा हात काढला.

"दिसत नसतं तर मी थांबलो असतो, मास्तर," तो म्हणाला. "डोळे बरे होईपर्यंत थांबलो असतो." आणि खुर्ची नीट मागं सारून तो निघून गेला.

मास्तर गर्दीतून वाट काढत स्टेजकडं गेले. पायऱ्या चढले. साहेब कमरेभोवती कोट धरून होता. जवळून त्याच्या डोळ्यांत पाणी दिसत होतं, आणि ते दिसलं नसतं तर बरं, असं मास्तरांना वाटलं.

"ती पँट द्या इकडं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "माझं चुकलं. घरी चला, आत्ता पक्की करून देतो. तीन टिपा मारतो."

साहेब नेहमी काहीतरी थट्टा करायचा. या वेळी केली नाही. त्यानं कोटाची गाठ आवळली.

"राहू द्या," तो म्हणाला. "मी बाहेर देईन शिवायला."